मंडळीचे परस आणि गावाची मुले



बाबेलास बंदिवान करून नेलेल्या लोकांस यिर्मया संदेष्ट्याने जे पत्र धाडिले, ते त्याच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात आहे. उपदेशकांनी ते मंडळीत सावकाश वाचून दाखवावे. त्या लोकांस वाटत होते की आपली सुटका लवकरच होणार. मग परमुलखात वाफे कशास करावयाचे? संदेष्ट्याने त्यांस मळे लावावयास सांगितले, आणि ज्या नगरात ते राहत होते त्याच्या हितासाठी प्रार्थना करावयासही सांगितले. ह्या दोन आज्ञा जोडीने आल्या आहेत. आपण बहुधा दुसरीच पाळतो, व कुदळ कोपऱ्यात पडून राहते.

नाशिकास शरणपूर रस्त्याने आज मोटारींची रीघ असते. पण ते नाव कशावरून पडले हे थोड्यांसच ठाऊक असेल. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनी तेथे ख्रिस्ती वसाहत वसविली. गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकी मुलेही तेथे आणून वाढविली गेली. त्यांस अक्षरओळखीबरोबर हातकामही शिकवीत. ज्याची भाषा कोणास कळत नाही अशा मुलासही प्रथम ताटात अन्न लागते व मग हातात पाटी. हे त्या लोकांनी ओळखिले होते.

परंतु आपल्या विषयास अधिक जवळचे उदाहरण केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनास अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले होते. मुदत संपल्यावर मुलींच्या शाळेचे काय होणार? ह्या बाईंनी केवळ नवी वर्गणी मागितली नाही. केडगावास जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडे लाविली, अशासाठी की बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी. इतक्यात १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातून शेकडो उपाशी मुली त्यांनी आणिल्या, आणि प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुण्यात त्यांस ठेविता येईना तेव्हा ह्याच शेताने त्यांस आसरा दिला. झाडे फळास येण्याआधीच जमीन कामी आली! पुढे तेथील मुली शेतात राबल्या, लिहावयास शिकल्या, आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळेही त्यांनीच जुळविले.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. इगतपुरीकडे वर्षास सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी पश्चिमेकडील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायकांस हंडा घेऊन मैलभर जावे लागते. सुरगाणा व पेठ येथील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जातात. दुसऱ्याच्या वेलीचे घड ती जपतात, आणि त्यांच्या लेकरांच्या ताटात कित्येकदा नागलीच्या भाकरीबरोबर मीठ-मिरचीच असते. जिल्हा परिषदेच्या शाळांत दुपारचा शिजविलेला आहार मिळतो व अनेक शाळांनी परसबागाही केल्या आहेत, ही चांगली गोष्ट होय. पण आपल्या उपासनामंदिरांभोवतालची जागा? तेथे बहुधा गवत व बाभळी.

तेथे शेवगा लावावा. त्याच्या पाल्याची भाजी मुलांस फार पौष्टिक. मेथी, चवळी, दोडका, लाल भोपळा हे आपल्या मातीस परके नाहीत. वाफा मुलांनीच मोजावा, बी मोजून पेरावे, किती उगवले ते वहीत मांडावे. गणिताचा असा धडा फळ्यावर सहसा मिळत नाही. मात्र ज्या मुलास शिकवावयाचे त्यास नुसते राबवू नये. तसे केल्यास ती शाळा नव्हे, वेठ होय.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. काही म्हणतात, मंडळीच्या जागेतील भाजी मंडळीच्याच मुलांची. मला हे पटत नाही. लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात शेताचा कोपरा न कापता ठेवण्याचा नियम आहे, आणि तो गरिबाबरोबर परक्यासाठीही आहे. रूथ मवाबी होती. बवाजाने तिला शेतातून हाकलून दिले असते तर पुढील वंशावळ कशी झाली असती? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावर दूर उभे राहण्याचे दुःख सोसले, त्यांनी तरी आपल्या वाफ्याभोवती तशी रेघ ओढू नये.

अशा बागा पेरणीत मोडत नाहीत. त्या चैत्र-वैशाखात, शाळेच्या सुट्टीत मोडतात, कारण पाणी घालणे हे सर्वांचे काम म्हणून कोणाचेच नसते. यासाठी हातपंपाचे सांडपाणी चर खणून वाफ्यांकडे न्यावे. शेवग्याच्या बुडाशी छिद्र पाडून वात घातलेले मडके पुरावे, म्हणजे एका घागरीत बरेच दिवस ओल राहते. आणि सुट्टीच्या प्रत्येक आठवड्यास ते मडके कोणत्या घराने भरावयाचे, ही नावे पहिले बी पडण्यापूर्वी पंचांनी वहीत लिहून घ्यावी. त्यांत मंडळीबाहेरील शेजाऱ्यांचीही नावे असावी. त्यांची मुले त्याच पंगतीत जेवणार आहेत.