शुश्रूषेचा पाया

वाचावयाचे शास्त्रभाग : मत्तय ७:२४-२७, यशया ५०:४



जबलपूरच्या ओमती भागात नाल्याकाठी राहणाऱ्यांना दोन घरांचा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात ओमती नाला फुगला म्हणजे भिंतीचा रंग कोणी पाहत नाही. सर्वांना पायाचीच चिंता असते.

याच शहरातील उच्च न्यायालयापुढे परिचर्या महाविद्यालयांचे प्रकरण आले. न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने मध्य प्रदेशातील ३०८ महाविद्यालये तपासली. २०२४ च्या आरंभी त्यांपैकी १६९ योग्य ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी करणाऱ्यांपैकीच काहींना लाचेच्या आरोपावरून अटक झाली आणि योग्य ठरलेल्या महाविद्यालयांचीही फेरतपासणी करावी लागली. तोवर परीक्षा रखडल्या होत्या आणि मुलामुलींची उमेदीची वर्षे वाया गेली होती.

म्हणून एखादे विद्यापीठ परिचर्या शिक्षणासाठी नवी इमारत उभारते, तेव्हा आपण अवश्य आनंद करावा. पण तिचा पाया कोणता, हेही विचारावे.

दृष्टांतातील दोन्ही माणसांनी प्रभूची वचने ऐकली होती. एकाचे ऐकणे हातांपर्यंत पोहोचले, दुसऱ्याचे कानांतच राहिले. ज्या महाविद्यालयाला रुग्णालय नाही, तेथील शिक्षणही कानांतच राहते. वर्ग भरतो, वही भरते; पण रुग्णाची कूस कशी बदलावी, हे हातांना ठाऊक होत नाही.

आपल्या भाषेतील ‘शुश्रूषा’ हा शब्द पाहा. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा हा अर्थ त्यातूनच आला. भाषांतर करताना यशयाच्या पन्नासाव्या अध्यायाशी मी थांबलो, तेव्हा हा शब्द मला आठवला. तेथील सेवक भागलेल्याला शब्दाने धीर देतो, कारण परमेश्वर रोज सकाळी त्याचे कान उघडतो. त्याच्या जिभेसाठी आणि कानासाठी इब्री भाषेत एकच शब्द आहे : ‘लिम्मुदीम’, म्हणजे शिकवलेले, शिष्य. जो शिष्यासारखा ऐकतो, त्यालाच शिष्याची जीभ मिळते. रात्रपाळीत कण्हणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घेणारी परिचारिका याच शाळेची विद्यार्थिनी होय.

वेल्लोरचे उदाहरण घ्या. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका लहानशा दवाखान्यापासून आरंभ केला. परिचारिकांची शाळा १९०९ साली निघाली आणि पदवीचा अभ्यासक्रम १९४६ साली आला. रुग्णाची खाट आधी होती; मोठ्या इमारती मागाहून आल्या.

आपल्या मंडळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लेकी या सेवेला दिल्या आहेत. यापुढे मुलीचे नाव घालण्यापूर्वी आईबापांनी आणि पाळकांनी स्वतः जाऊन पाहावे. खाटा किती आहेत, शिकवणारे कोण, मुली वॉर्डात किती दिवस असतात, हे विचारावे. असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. शहाणा मनुष्यही घर बांधण्याआधी खडक शोधतो.

हे प्रभो, आमचे कान उघड आणि जे ऐकले ते आमच्या हातांत उतरू दे. आमेन.