चाक घेण्याआधी

कोल्हापूर

चि. केतकी,

तात्यांचा फार्गो ट्रक शेडबाहेर काढलास हे वाचून फार आनंद झाला. ती गाडी पत्र्याखाली सडत पडली होती याचं दुःख मला कित्येक वर्षं होतं. तू लिहितेस की इंजिनाचं काम मार्गी लागलं, पण चाकं पार गेली आहेत. दोन रिमा खाचेपर्यंत गंजल्या आहेत, एका डिस्कला तडा आहे. आणि एक भंगारवाला ‘फार्गोचीच चाकं’ म्हणून सात नग द्यायला तयार आहे, ॲडव्हान्स मागतो आहे. घेऊ का, असं विचारलंस. अजून घेऊ नकोस. का, ते नीट सांगतो. हा विषय फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही.

आधी ‘फार्गोचं चाक’ म्हणजे काय ते बघू. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडायला सुरुवात झाली. डॉज, फार्गो, डिसोटो ही एकाच घरातली नावं. बॉनेटवरची पाटी वेगळी, खालची गाडी बहुतेक तीच. त्यामुळे डॉजचं चाक फार्गोला चालू शकतं. पण एका फार्गोचं चाक दुसऱ्या फार्गोला चालेलच असं नाही, कारण एकाच नावाखाली हलके, मध्यम आणि जड असे निरनिराळे ट्रक निघत. शिवाय आपल्याकडे ट्रक जसा कारखान्यातून आला तसा कधीच राहिला नाही. पेट्रोल परवडेना म्हणून इंजिन उतरवून पर्किन्सचं पी-६ डिझेल बसवलं. मागचा एक्सल तुटला की जो मिळाला तो घातला. तात्यांच्या गाडीचा मागचा एक्सल मूळचा आहे की नाही हे तू पाटीवरून ओळखू शकणार नाहीस. म्हणून चाक गाडीच्या नावाने घ्यायचं नाही, हबच्या मापाने घ्यायचं. पुढच्या हबची मापं वेगळी घे, मागच्याची वेगळी घे. दोन्ही सारखी निघाली तर उत्तम, पण ती सारखीच असतील असं धरून चालू नकोस.

पहिलं माप पीसीडीचं, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसवलेले असतात त्या वर्तुळाच्या व्यासाचं. जुन्या अमेरिकन ट्रकांत साधारणपणे हलक्या गाडीला ८ इंचांच्या वर्तुळावर पाच बोल्ट, मध्यम गाडीला पावणेनऊ इंचांच्या वर्तुळावर सहा आणि जड गाडीला सव्वाअकरा इंचांच्या वर्तुळावर दहा बोल्ट असत. तुझ्या गाडीला सहा बोल्ट आहेत आणि भंगारवाल्याच्या डिस्कलाही सहा भोकं आहेत. त्याला तेवढं पुरेसं वाटतं, आपल्याला वाटून चालणार नाही. पावणेनऊ इंच म्हणजे २२२.२५ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीच्या हलक्या ट्रकांचं सहा बोल्टचं वर्तुळ २०५ मिलिमीटरचं असतं, दुसरं एक २४५ चंही आहे. जपान्यांनी मात्र हे अमेरिकन २२२.२५ जसंच्या तसं उचललं. त्यामुळे जपानी घडणीच्या ट्रकाची डिस्क तुझ्या बोल्टांवर सरकेलही. सरकली म्हणून ती बसली असं समजायचं नाही.

मोजायची रीत सोपी आहे. भोकं सम असतील, म्हणजे सहा, आठ किंवा दहा, तर एका भोकाच्या आतल्या कडेपासून बरोबर समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोज. मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर आपोआप मिळतं. पाच भोकांत समोरासमोर भोक येत नाही. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घेऊन त्याला १.७०१ ने गुणायचं. मापाची कापडी टेप वापरू नकोस. स्टीलची पट्टी घे, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याकडून मोठी व्हर्नियर तासाभरासाठी माग, कोणी नाही म्हणणार नाही.

दुसरं माप डिस्कच्या मधल्या भोकाचं. ते हबपेक्षा लहान असेल तर चाक चढणारच नाही, हे उघड आहे. मोठं असेल तर चाक चढतं, आणि मग फसगत होते. तिसरी गोष्ट नटाच्या बैठकीची. जुन्या ट्रकांत चाकाला मध्यावर आणण्याचं काम नट करतात. नटाचं तोंड गोलसर किंवा निमुळतं असतं आणि डिस्कच्या भोकाला तसाच उतार दिलेला असतो. नव्या ट्रकांत बरेचदा हे काम हब करतो आणि नटाला खाली सपाट वॉशर असतो. सपाट बैठकीच्या डिस्कवर गोल तोंडाचा नट आवळला तर तो कडेवर कसाबसा टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि भरल्या गाडीत काही मैलांवर ढिला पडतो. असं ढिलं झालेलं चाक आंबा घाटाच्या उतारावर काय करतं ते मी पाहिलं आहे, त्याचं वर्णन इथे करत नाही.

नटांचं निघालंच आहे तर आणखी एक. या गाड्यांना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने नट सुटू नये म्हणून ही योजना. बोल्टच्या टोकावर इंग्रजी एल किंवा आर ठोकलेलं असतं, गंज घासून बघ. डाव्या बाजूचा नट नेहमीच्या सवयीने सोडायला जाऊन लोक पान्याला पाइप लावतात आणि बोल्टच पिळून तोडतात. मागच्या जोडचाकांत बहुधा आतल्या चाकाला वेगळा टोपीसारखा नट असतो आणि त्याच्यावर बाहेरच्या चाकाचा नट. आतला आवळायचा तर आधी बाहेरचा सैल करावा लागतो. गॅरेजमधली पोरं घाईत हे टाळतात. तू उभी राहून करून घे.

चौथं माप ऑफसेटचं, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून डिस्कची बैठक किती आत किंवा बाहेर आहे ते. पुढच्या चाकात हे चुकलं तर स्टिअरिंग जड होतं आणि बेअरिंगवर नको तो भार येतो. मागे चुकलं तर जोडचाकांचे टायर एकमेकांना घासतात. रिकाम्या गाडीत बोटभर फट दिसते, पण भार पडला की टायरची पोटं फुगतात आणि फट नाहीशी होते. रबर रबराला घासून इतकं तापतं की आग लागू शकते. रिमची रुंदीही टायरशी जुळायला हवी. ८.२५-२० च्या टायरला साडेसहा इंची रिम लागते, ९.००-२० ला सात इंची, १०.००-२० ला साडेसात इंची. टायरवाला म्हणेल, ‘चढतो की ताई.’ चढतो, हे खरं आहे. पण त्या टायरची कड मग आयुष्यभर वाकडी बसते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो ती. या २० इंची ट्यूबवाल्या चाकाची रिम एकसंध नसते. एका बाजूची कड सुटी असते आणि तिला धरून ठेवायला चिरलेली लॉक रिंग खाचेत बसवतात. काहींत कड आणि रिंग मिळून एकच तुकडा असतो. टायर चढवायला सोपं पडावं म्हणून ही रचना. पण हिशेब कर. ९.००-२० चा टायर उभा धरला तर जवळजवळ ४० इंचांचा, त्याच्या मधलं भोक २० इंचांचं. एका बाजूच्या भिंतीचं क्षेत्रफळ साधारण साडेनऊशे चौरस इंच होतं. चौरस इंचाला १०० पौंड हवा भरली की त्या भिंतीवर चाळीस टनांहून जास्त जोर येतो, आणि त्यातला मोठा वाटा ती एक रिंग रेटून धरते. खाच गंजाने खाल्लेली असेल, रिंग वाकलेली असेल किंवा दुसऱ्याच रिमची असेल, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. एका गॅरेजात हवा भरताना वाकून बघणारा मुलगा अशाने गेला. तो माझ्या ओळखीचा होता. रिंग ‘नीट बसली का’ हे बघायलाच तो वाकला होता.

अमेरिकेत अशा अपघातांमुळे १९८० मध्ये कामगार सुरक्षेचा नियमच झाला की या तुकड्यांच्या रिमांत हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, समोरून बाजूला उभं राहून. आपल्याकडे रस्त्याकडेचा पंक्चरवाला अजून रिंगवर पाय देऊन हवा भरतो आणि टॉमीने रिंग ठोकतो. तू त्याच्याकडे जाऊ नकोस. ज्याच्याकडे पिंजरा आहे असाच टायरवाला शोध, मग त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी चालेल. आणि चाक गाडीवरून उतरवण्याआधी व्हॉल्व्हची सुई काढून सगळी हवा सोडायची. जोडचाकांत दोन्हींची सोडायची. हे कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून टाळायचं नाही.

भंगारवाल्याचा माल हातात आला की ही नजर ठेव. रिम, सुटी कड आणि रिंग यांवर ठोकलेलं कंपनीचं नाव, माप आणि प्रकार जुळतो का ते बघ. जुळत नसेल, तर एकमेकांत घट्ट बसत असले तरी ते तुकडे एकत्र वापरायचे नाहीत. खाच तारेच्या ब्रशने चकचकीत करून बघ. डिस्कला जी मोठी भोकं असतात त्यांच्या कडांना आणि बोल्टच्या भोकांच्या मध्ये बारीक तडे शोध. रंगाच्या द्रावाने तडा दाखवणारी चाचणी स्वस्त आहे, ती करून घे. बोल्टचं भोक लांबट झालं असेल तर ती डिस्क कधीतरी ढिली धावलेली आहे, ती नको. कोणी म्हणेल, ‘वेल्डिंग मारून देतो.’ नको. वेल्डिंगने रिमचं लोखंड कमजोर होतं. टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग केलं तर, हवा सोडलेली असली तरी, आतल्या रबराच्या वाफांनी टायर फुटून माणसं मेलेली आहेत. नव्या रिमच्या पोटात जुन्या डिस्कचा मध्य बसवून देणारे कारागीरही भेटतील. आपल्या कोल्हापूरच्या कारागिरांबद्दल मला अभिमान आहे, पण हे काम कारखान्याचं आहे. तिथे प्रत्येक रचनेचं चाक फिरवून, भार देऊन, थकवून तपासतात.

लष्कराच्या लिलावातली जुनी चाकं दाखवली तर जास्त जपून. महायुद्धातल्या काही कॅनेडियन आणि ब्रिटिश ट्रकांची रिम दोन अर्ध्या भागांची, बोल्टांनी जोडलेली असायची. ते जोडणारे नट तांबडे रंगवत, म्हणजे हवा असताना त्यांना हात लावू नये. रंग आता उडालेला असतो आणि धोका मात्र तसाच असतो.

मग चाकं मिळायची कुठे? मुंबईत कुर्ला आहे, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बाजार. तिथे फेरी मारायला हरकत नाही. पण मी तुझ्या जागी असतो तर आधी आपल्याच जिल्ह्यात फिरलो असतो. जुन्या ट्रकांची चाकं मोडीत फार थोडी गेली. ती उसाच्या ट्रॉल्यांखाली गेली, पाण्याच्या टँकरांखाली गेली, टायरगाड्यांखाली गेली. गळीत हंगाम संपला की ट्रॉल्या कारखान्याच्या आवारात आणि शेतांच्या बांधावर उभ्या असतात. तेव्हा मालकाला वेळ असतो आणि पैशांची गरजही असते. बदल्यात त्याला चालू मापाचं चांगलं चाक दे, तो आनंदाने जुनं देईल. फक्त या चाकांनी बेसुमार ओझं ओढलेलं असतं, म्हणून वरची तपासणी दुप्पट कसून कर.

तू ट्यूबलेस करण्याबद्दल विचारलंस. होतं ते. २२.५ इंचांची एकसंध रिम येते, तिला सुटी रिंग नसते, म्हणून ती अधिक सुरक्षित. ९.००-२० च्या जागी १०आर२२.५ चा टायर उंचीला जवळजवळ तेवढाच भरतो, ८.२५-२० च्या जागी ९आर२२.५. पीसीडी, मधलं भोक, बैठक आणि ऑफसेट जुळणारी अशी चाकं मिळाली तर मी जुन्या रूपाचा हट्ट धरणार नाही. गाडी माणसांत फिरणार आहे, तिच्याभोवती मुलं उभी राहणार आहेत. मात्र सहाही चाकं बदल, अर्धी जुनी अर्धी नवी नको.

टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाच. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा पस्तिसावा आठवडा. न वापरलेला पण जुना टायर दुकानदार ‘नवा’ म्हणूनच देतो, आणि रबर पडून पडूनही मरतं. चाकं बसवल्यावर डिस्क जिथे हबला टेकते तिथे जाड रंग नको. रंग दबतो आणि नट सैल होतात. पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा आवळून घे.

कागदपत्रांचंही आत्ताच बघ. २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम दुचाकी आणि घरगुती मोटारींसाठी आहेत, मालट्रक त्यांत बसत नाही. म्हणून रस्त्यावर काढण्याआधी आरटीओत जाऊन नोंदणीची आणि फिटनेसची स्थिती लेखी विचार.

आता ॲडव्हान्स देण्याआधी मला एवढं पाठव: दोन्ही हबची पीसीडी आणि मधल्या भोकाची मापं, एका नटाचा जवळून फोटो, आणि भंगारवाल्याच्या प्रत्येक रिम-रिंगवरच्या ठोकलेल्या अक्षरांचे फोटो. अक्षरं दिसत नसतील तर त्यांवर खडू घासून मग फोटो काढ. भंगारवाला फोटो काढू देत नसेल तर व्यवहार तिथेच सोड. मापं आली की मी इथल्या ट्रॉलीवाल्यांकडे चौकशी सुरू करतो. दोन जणांकडे अशी चाकं असावीत असा माझा अंदाज आहे.



तुझा,
आबा