एक उणे तीस

आमच्या लहानपणी घरी पाहुणे आले की पोराची हुशारी दाखवायला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावत. ‘एकोणतीस दुणे अठ्ठावन्न’पर्यंत आवाज खणखणीत, सत्त्याऐंशीला जरा उतरलेला आणि ‘चोक सोळोदरशे’ला नुसती पुटपुट. सोळोदरशे म्हणजे शंभरावर सोळा, हे मला कळलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. तोवर तो मंत्रच होता.

परवा तिसरीतल्या भाचीने हाच पाढा वहीत उभा लिहून काढला. २९, ५८, ८७, ११६, १४५, १७४, २०३... लिहून झाल्यावर शेवटच्या अंकांवरून बोट फिरवत म्हणाली, “मामा, हे उलटं मोजतंय.” खरंच की, नऊ, आठ, सात, सहा! मी पट्टीने एककाचं घर झाकलं. उरले २, ५, ८, ११, १४. “आणि हे तीन-तीनने उड्या मारतंय.”

असं का होतं, याचं उत्तर पाढ्याच्या नावातच बसलेलं आहे. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. दर पायरीला तीस द्यायचे आणि एक परत घ्यायचा. एकोणतीस साती? दोनशे दहातून सात काढा, दोनशे तीन. आयुष्यभर ज्या शब्दाला घाबरलो, तोच कानात उत्तर सांगत होता. मग एकोणीस आणि एकोणचाळीस तिने स्वतःच तपासले. एकोणिसात एकक झाकला की १, ३, ५, ७, म्हणजे दोन-दोनची उडी, एकोणचाळीसात चार-चारची. (शंभराजवळ मात्र भाषेने ही खोड सोडली. नव्व्याण्णवला एकोणशंभर कोणी म्हणत नाही.)

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ असं वाचण्याची पद्धत आली, तेव्हा प्रकरण विधानसभेपर्यंत गाजलं. थट्टा पुष्कळ झाली, पण अडचण खोटी नव्हती. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतो, म्हणून मूल ३६ लिहून मोकळं होतं. ‘वीस नऊ’ हे नाव संख्या लिहायची कशी ते सांगतं. ‘एकोणतीस’ हे नाव तिच्याशी हिशेब कसा करायचा ते सांगतं. मला दोन्ही हवीत. एकासाठी दुसरं टाकू नये, एवढंच.

पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. सात आठी छप्पन्न जिभेवर नसेल, तर बाजारात उभं राहून नक्षी शोधायला वेळ कुणाला आहे? पण पाढे म्हणजे नुसतं ‘बे एके बे’ राहिलं, की मुलाला ते कुणीतरी ठरवून दिलेले नियम वाटतात, गणवेशासारखे. आपण वेगळं ठरवलं असतं तरी ते तसेच आले असते, ही गंमत त्याला कधी कळत नाही.

भाषा जिथे मदत करत नाही तिथेही नक्षी असते. वाटी पालथी घालून आम्ही वर्तुळ काढलं, कडेला ० ते ९ मांडले आणि तिनाच्या पाढ्यातले फक्त एकक रेघेने जोडत गेलो: ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०. पुन्हा तिनाशी आलो तर दहा टोकांची चांदणी. मग साताचा पाढा. तिला वेगळं काहीतरी हवं होतं. आली तीच चांदणी, फक्त पेन्सिल उलट्या दिशेने फिरली. सात म्हणजे तीन उणे दहा, पण तसं नाव कुणी ठेवलेलं नाही. चार आणि सहा यांची पाच टोकांची एकच चांदणी निघाली.

“आता पाच,” ती म्हणाली. पाच, शून्य, पाच, शून्य. त्या एका रेघेवर ती पेन्सिल पुढे-मागे ओढत राहिली, कागद फाटेपर्यंत.