सक्तीचा संयम

फुकट मिळालेल्या वस्तूची मनुष्याला किंमत राहत नाही, असे खजिन्याचे अधिकारी आणि अर्थशास्त्राचे पंडित सारख्याच ठामपणाने सांगत असतात. वरवर पाहता हा जमाखर्चाचा व्यवहारी सिद्धांत दिसतो. परंतु त्याच्या पोटात मनुष्याच्या अंतःकरणाविषयीची एक श्रद्धा दडलेली आहे, आणि ती अशी की, वार्धक्याने वाकलेल्या किंवा दारिद्र्याने गांजलेल्या रोग्यालाही औषधासाठी पदरचे चार पैसे मोजावयास लावले, म्हणजे त्याच्या ठायी विवेक जागृत होतो, आवश्यक काय आणि अनावश्यक काय हे तो निवडू लागतो, आणि टाकावयाचे तेवढेच टाकतो. श्रद्धांची परीक्षा सहसा होत नाही. या श्रद्धेची मात्र कॅनडातील क्वेबेक प्रांतात झाली, आणि तिचा निकाल आकड्यांत नोंदला गेला.

कॅनडातील सार्वजनिक वैद्यकीय विम्याच्या मुळाशी एक धर्मोपदेशक उभा आहे. टॉमी डग्लस हा बाप्टिस्ट पंथाचा पाद्री पुढे सस्कॅचवान प्रांताचा मुख्यमंत्री झाला. बालपणी हाडाच्या विकाराने त्याचा पाय कापण्याची वेळ आली होती, तेव्हा विनिपेग येथील एका शस्त्रवैद्याने, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी एवढ्याच अटीवर, विनामूल्य उपचार करून तो वाचवला. दुसरा कोणी असता तर त्या दानशूर वैद्याचे आयुष्यभर गुणगान करून थांबला असता. डग्लसने मात्र त्या उपकारातून असे अनुमान काढले की, एखाद्या मुलाचा पाय राहणे न राहणे कोणाच्या कृपेवर अवलंबून असू नये. 1947 मध्ये त्याच्या प्रांतात रुग्णालयाचा विमा आला, 1962 मध्ये डॉक्टरच्या उपचारांचा, आणि यथाकाल सर्व देशाने तोच मार्ग धरला. परंतु रुग्णालयाच्या उंबरठ्याबाहेर घ्यावयाची औषधे 1984 च्या कॅनडा आरोग्य कायद्यातही आली नाहीत. ती प्रांतोप्रांतीच्या सरकारांच्या मर्जीवर राहिली. डॉक्टरला भेटणे हा हक्क ठरला, आणि त्याने चिठ्ठीवर लिहिलेले औषध हा सवलतीचा मामला राहिला.

क्वेबेकमध्ये 1996 च्या ऑगस्टपर्यंत वृद्धांना एका चिठ्ठीमागे दोन डॉलर द्यावे लागत, आणि त्यांच्यातील निर्धनांना व सामाजिक साहाय्यावर जगणाऱ्यांना काहीच द्यावे लागत नसे. त्या महिन्यापासून या सर्वांवर औषधाच्या किमतीचा चतुर्थांश बसवण्यात आला. वर्षाची कमाल मर्यादा उत्पन्नाप्रमाणे 200 ते 750 डॉलर ठेवली गेली. या फर्मानामागील हेतू दुष्ट होता असे म्हणता येणार नाही. 1 जानेवारी 1997 पासून प्रांतातील प्रत्येक रहिवाशाला औषधाचा विमा मिळावा, ज्यांच्यापाशी तो कधीच नव्हता त्यांनाही मिळावा, अशी ही योजना होती, आणि सर्वांना सामावून घ्यावयाचे तर प्रत्येकाने आपला वाटा उचलावा, या म्हणण्यात बंधुभावाचा सूर नव्हता असे नाही. विचित्र एवढेच की, नव्यांसाठी जागा करताना सरकण्याची आज्ञा आधी झाली ती सर्वांत दुर्बळांना.

संशोधक रॉबिन टॅम्बलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 93,950 वृद्धांच्या आणि 55,333 साहाय्यभोगी प्रौढांच्या नोंदी तपासून 2001 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. कमी आवश्यक औषधांचा वापर वृद्धांत 15.14 टक्क्यांनी आणि साहाय्यभोगींत 22.39 टक्क्यांनी घटला. तेवढ्यावर थांबले असते तर खजिनदारांचा सिद्धांत खरा ठरला असता. पण ज्यांच्यावाचून रोग बळावतो अशी अत्यावश्यक औषधेही अनुक्रमे 9.12 आणि 14.42 टक्क्यांनी कमी घेतली गेली. दहा हजार वृद्धांचा एक महिना धरला, तर अशी औषधे कमी केल्यामुळे ओढवणाऱ्या गंभीर घटना, म्हणजे रुग्णालयात वा शुश्रूषागृहात दाखल होणे किंवा मृत्यू, पूर्वी 5.8 होत्या त्या 12.6 झाल्या, साहाय्यभोगींत 14.7 च्या 27.6.

विवेक जागृत झाला नाही, हे खरे. परंतु त्यावरून ती माणसे अविवेकी होती असे मानणे अन्यायाचे होईल. रक्तदाब दुखत नाही. त्याची गोळी आज न घेतली तर उद्या सकाळी काहीच होत नाही, आणि घरभाडे मात्र ठरल्या तारखेला द्यावेच लागते. अशा वेळी ज्याचा दंड निश्चित आहे ते आधी भागवणे आणि ज्याचा दंड अनिश्चित आहे ते पुढे ढकलणे, हा त्या परिस्थितीतला पूर्ण विचारी मनुष्याचा निर्णय आहे. शिवाय चिठ्ठी लिहिणारी लेखणी डॉक्टरच्या हाती असते. कोणते औषध निरुपयोगी आहे हे ज्याला कळते त्याला मोकळे सोडून, ज्याला ते कळण्याचा संभव नाही त्याच्याकडून सारासाराची परीक्षा घ्यावयाची, हा न्याय अजब खरा! आपल्या शास्त्रकारांनी अपरिग्रहाची थोरवी गायिली ती स्वेच्छेने सोडणाऱ्याची. ज्याच्या हातून काढून घेतले त्याला व्रतस्थ म्हणण्याचे धाडस त्यांनी केले नाही.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने 1981 मध्ये गरिबांच्या विम्यात महिन्याला तीनच चिठ्ठ्यांची मर्यादा घातली होती. तेथील स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या बाबतीत पुढे असे आढळले की, औषधांवर जे वाचले त्याच्या सतरापट मानसोपचारांवर खर्ची पडले. हा दाखला सुधारक मोठ्या उत्साहाने देतात. मला तो देताना थोडा संकोच वाटतो, कारण त्यात तिजोरीचेच माप मान्य केलेले असते. बचत खरोखरच झाली असती तर ती मर्यादा धर्म्य ठरली असती काय?

बौद्ध विनयाने भिक्षूला घर, द्रव्य, आप्त या सर्वांचा त्याग करावयास लावला, तरी अन्न, वस्त्र व आसरा यांच्याबरोबर औषध त्याच्या चार आवश्यक आधारांत ठेवले. जो स्वतःहून सर्व सोडून निघाला त्यालाही रोगात संयमाचा उपदेश पुरेसा मानला नाही. अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांच्या आणि पशूंच्या चिकित्सेची तरतूद आहे, आणि जेथे वनस्पती नसतील तेथे त्या आणवून लावण्याची व्यवस्थाही आहे. तेथे घेणाऱ्याची पात्रता तपासणारे कलम नाही. पशूकडून चतुर्थांश वसूल करण्याची कल्पना तर कोणत्याही दप्तराला सुचली नसती.

यावर, राज्याची संपत्ती अमर्याद नाही, नवनवी औषधे राजाला भिकारी करतील इतकी महाग आहेत, हा आक्षेप उरतोच, आणि तो खोटा नाही. संयम कोणीतरी पाळलाच पाहिजे. पण कोणते औषध यादीत घ्यावे हे ठरवणाऱ्या समितीपाशी, ते लिहिणाऱ्या डॉक्टरपाशी आणि कारखानदाराशी किमतीची घासाघीस करू शकणाऱ्या सरकारपाशी ज्ञानही आहे आणि बळही. ज्याच्यापाशी दोन्ही नाहीत त्याच्यापासून आरंभ करण्याचा हा शिरस्ता केवळ सोयीचा आहे.

पुढे, 2007 पर्यंत, क्वेबेकने साहाय्यभोगींना आणि सर्वांत निर्धन वृद्धांना औषधे पुन्हा विनामूल्य केली. उत्पन्नाच्या त्या रेषेहून किंचित वर असलेल्या वृद्धाचा वाटा मात्र चालू आहे, आणि त्याच्याकडून विवेकाची अपेक्षाही.