न पाहिलेल्या शिष्यांचे देणे

माणूस जन्मासोबत तीन ऋणे घेऊन येतो, असे वैदिक परंपरेने मानले. देवऋण यज्ञाने, पितृऋण संततीने आणि ऋषिऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे विद्यार्थिदशेतील अध्ययनाने फिटते, असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे. यातील ऋषिऋणाचा विचार आज पुन्हा पाहण्यासारखा आहे, कारण ज्यांनी ज्ञान मागे ठेवले त्यांना काही परत करावे, अशी अपेक्षा त्यात नाही. त्यांनी ठेवलेले शिकणे हीच तेथे परतफेड ठरते. आयुष्यभर कमावलेले कसब एखादा ज्येष्ठ कलाशिक्षक ध्वनिचित्रफितींतून सर्वांसाठी खुले करतो, तेव्हा त्याला नुसते धन्यवाद देऊन भागते का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ही जुनी कल्पना उपयोगी पडते.

पुण्याचे ज्येष्ठ जलरंगचित्रकार मिलिंद मुळीक हे अशा औदार्याचे मराठी वाचकांना परिचित असलेले उदाहरण होय. अमर चित्र कथेच्या चित्रांमुळे घरोघरी पोहोचलेले प्रताप मुळीक यांचे हे पुत्र शिक्षणाने अभियंते. मात्र ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या पुस्तकांतून त्यांनी जलरंगातील निसर्गचित्र कसे उभे राहते हे टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवले आणि पुढे प्रात्यक्षिकांच्या चित्रफितींनी तेच काम अधिक दूरवर नेले. हैदराबादच्या हिमायतनगरात वाढणाऱ्या एखाद्या मराठी मुलीला पुण्यातील कार्यशाळा गाठणे सोपे नसते. तिच्यापर्यंत मुळीक यांचा हात आता पडद्यावरून पोहोचतो. विद्या घराण्यात राखून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि ती मोडणारेही आपल्याकडे झाले. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी उस्तादांकडून मिळवलेल्या बंदिशी स्वरलिपीत, म्हणजे सुरांच्या लेखनपद्धतीत बांधून छापल्या, तेव्हा न भेटलेल्या विद्यार्थ्यालाही शिकण्याचा अधिकार आहे, हेच त्यांनी मान्य केले. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी 1857 साली चित्रकलेचे प्राथमिक धडे नवशिक्यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रांच्या रूपात प्रसिद्ध केले, त्यामागेही हीच भूमिका दिसते.

जलरंगाच्या बाबतीत मात्र या औदार्याला धाडसही लागते, आणि त्याचे कारण माध्यमाच्या स्वभावात आहे. पारदर्शक जलरंग म्हणजे डिंकात घोटलेले रंगद्रव्य पाण्याने पातळ करून असे लावणे, की खालचा कागद त्यातून दिसत राहावा. येथे उजेड पांढऱ्या रंगाने आणला जात नाही, तर कागदाची कोरी जागा राखून तो मिळवावा लागतो, त्यामुळे तैलरंगाप्रमाणे चुकीवर दुसरा थर चढवून ती झाकण्याची सोय फारशी उरत नाही. वॉश, म्हणजे मोठ्या भागावर एका दमात पसरलेला पातळ रंग, अर्धवट सुकलेला असताना त्यात जादा पाणी शिरले, तर दातेरी कडांचे डाग उमटतात आणि ते सहसा जात नाहीत. अशा माध्यमात कोऱ्या कागदापासून शेवटच्या फटकाऱ्यापर्यंत सर्वांसमक्ष काम करणारा ज्येष्ठ चित्रकार आपल्या तंत्राबरोबर आपली द्विधा मनःस्थिती आणि बिघडू पाहणारे चित्र सावरण्याची धडपडही उघडी करतो, आणि प्रतिष्ठा मिळाल्यानंतर असे करणे अधिक कठीण असते. शिवाय शिष्याचा हात सुधारताना पाहण्याचे समाधान, जे शिक्षकाचे खरे वेतन मानावे, तेही त्याने सोडून दिलेले असते, कारण त्याचे शिष्य त्याला दिसत नाहीत.

या औदार्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो तो असा, की फुकट धड्यांमुळे गल्लीतील चित्रकला-वर्गाचे मोल घसरते आणि विद्या फुकट मिळण्याचीच वस्तू आहे, अशी सवय लागते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात केवळ उपजीविकेसाठी विद्या बाळगणाऱ्याला ज्ञानाचा व्यापारी म्हटले आहे. तथापि विद्येवर पोट भरणे त्यामुळे निषिद्ध ठरत नाही, कारण तेथील नाट्याचार्यही राजाश्रयावरच जगतात. शिवाय खुल्या धड्यांनी जवळच्या वर्गाची गरज संपत नाही. पडद्यावरचा शिक्षक हात दाखवू शकतो, पण समोरच्याचा हात पाहू शकत नाही. कुंचल्यात पाणी जास्त झाले आहे हे सांगायला जवळचा शिक्षकच लागतो. म्हणून खुल्या धड्यांचा लाभ घेणाऱ्याने जवळच्या शिक्षकाचे शुल्क देताना घासाघीस करणे आणि दूरच्या शिक्षकाचे पुस्तक बेकायदा प्रतीत मिळवणे, या दोन्ही गोष्टी कृतघ्नतेतच मोडतात.

जे खुले होते त्यावरचे नाव पुसले जाण्याचा धोका असतो, ही आणखी एक बाजू. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांनी 1908 साली मुंबईत चित्रकलेची संस्था काढून पिढ्या घडवल्या. हातातल्या दिव्याच्या प्रकाशात उजळलेल्या स्त्रीचे त्यांचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, परंतु ते राजा रविवर्मा यांचे असल्याचा समज अजून मागे हटलेला नाही. चित्र सर्वतोमुखी झाले आणि चित्रकार मात्र अनोळखी राहिला. एखाद्याच्या प्रात्यक्षिकावरून केलेल्या चित्राखाली मूळ शिक्षकाचे नाव लिहायला एक ओळ लागते, आणि ती न लिहिणे हा साधा विसर न ठरता दुसऱ्याच्या श्रमावर उमटवलेली आपली सही ठरते.

तरीही नाव लिहिल्याने आणि पुस्तक विकत घेतल्याने देणे संपत नाही. चित्रफीत पाहून होताच आपण शिकलो असे वाटते, आणि पसंतीची खूण केली की कृतज्ञताही व्यक्त झाली असे वाटते. हे दोन्ही भ्रम एकमेकांना पोसतात. हिमायतनगरातील एप्रिलच्या कोरड्या दुपारी तोच वॉश पाहता पाहता सुकतो आणि पावसाळ्यात बराच वेळ ओला राहतो, म्हणून दुसऱ्या गावी, दुसऱ्या ऋतूत केलेल्या प्रात्यक्षिकातील वेळ येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. ती प्रत्येकाला आपल्या कागदावर, आपल्या हवेत, चित्रे बिघडवूनच शोधावी लागते. शिक्षकाने कितीही उदारपणे दिले तरी एवढा भाग तो देऊ शकत नाही, आणि नेमका तोच भाग स्वतः मिळवणे म्हणजे अध्ययन. न पाहिलेल्या गुरूविषयीचा आदर त्याच्या कौतुकात किती शब्द खर्च झाले यावरून न मोजता, त्याच्या धड्यानंतर किती कागद खर्ची पडले यावरून मोजावा.