शून्याची तिप्पट

गाडी चिखलात रुतली की आपण सगळे त्या गरगर फिरणाऱ्या चाकाकडे बघतो आणि त्यालाच शिव्या घालतो. बाकीची चाकं गप्प उभी असतात, त्यांना कुणी काही बोलत नाही.

मागच्या पावसाळ्यात माझ्या आक्काच्या पिकअपचं पुढचं डावं चाक असंच फिरत होतं. आक्का गगनबावडा तालुक्यात दिलेली. कोल्हापूरपासून साधारण ५५ किलोमीटर, घाटमाथ्याचा पाऊस आणि तांबडी माती. ती आणि दाजी वाड्यावस्त्यांवरून सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करून डेअरीत पोचवतात. दूध थांबत नाही, म्हणून त्यांनी जुनी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप घेतली. तरी शेवटच्या वाडीच्या चढाला ती अडकायचीच. कॅन खांद्यावर घेऊन उतरावं लागायचं. एक-दोनदा दूध नासलं.

दाजींनी मला फोनवर विचारलं, "चारी चाकांची गाडी म्हणून पैसे मोजले, मग चारी चाकं जोर का लावत न्हाईत?"

मी मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात नोकरीला. उत्तर मला पाठ होतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरता यावं म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच जोर देतं. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण एक चाक निसरड्यावर गेलं की ते जोर पेलूच शकत नाही, नुसतं फिरतं. आणि वाटप सारखंच असल्यामुळे पक्क्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नाममात्र जोर मिळतो. दोघांना समान, म्हणजे दोघांना जवळपास काहीच नाही.

मागच्या एक्सलला कंपनीनंच लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल दिलेलं होतं, पुढचं मात्र साधं होतं. पुढची दोन्ही चाकं कायमची एकमेकांना जखडली असती, तर स्टिअरिंग वळवताना हात भरून आले असते. म्हणून मी पुढच्यासाठीही लिमिटेड-स्लिपच सुचवलं, तेही गिअरवालं. ते वळणावर चाकांना मोकळं सोडतं, पण एक निसटायला लागलं की पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर वळवतं. निसटणाऱ्याच्या साधारण अडीच-तीन पट.

सुट्टी काढून आलो. शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गाडी लावली. ऑइल काढलं, चाकं आणि ड्राइव्ह शाफ्ट सुटे केले, पुढचं डिफरन्शियल खाली उतरवलं. मिस्त्रींनी बेअरिंगच्या टोप्यांवर आधी डाव्या-उजव्याच्या खुणा केल्या, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही. क्राउन जुन्या खोक्यावरून काढून नव्यावर बसवला, बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले. मग खरं काम सुरू झालं. क्राउन आणि पिनियनच्या दातांमधली फट डायल गेजवर मोजायची, पातळ शिम कमी-जास्त करायच्या, दातांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा दाताच्या मधोमध उमटतोय का ते बघायचं. चुकलं तर गाडी रडल्यासारखी आवाज करते आणि दात खाते. दोन दिवस त्यात गेले.

दुसऱ्या दिवशी आक्का डबा घेऊन आली. पायरीवर बसून म्हणाली, "एवढं काय बसवताय त्यात?"

मी तिला सोप्या भाषेत सांगितलं. ज्या चाकाला पकड आहे त्याला जास्त जोर द्यायचा. जे निसटतंय त्याच्यावर वाया घालवायचा नाही.

तिनं थोडा वेळ विचार केला आणि हसत म्हणाली, "म्हंजे आपल्या आबांसारखंच की रं."

मिस्त्रींच्या पोरानं पाना मागितला, मी तो चुकीचा दिला.

आमचे आबा याच उद्यमनगरात फाउंड्रीत कामाला होते. आक्काला दहावीला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. तिच्या बारावीच्या वर्षी आई आजारी पडली. दवाखाना, गोठा, चूल सांभाळून तिनं परीक्षा दिली आणि फिजिक्स राहिलं. त्याच वर्षी माझा दहावीचा निकाल चांगला लागला. आबा म्हणाले, "दोघांचं न्हाई हुयाचं. ज्याचं चाललंय त्याचं करू." पैसे माझ्या मागं लागले. आक्का पुन्हा फॉर्म भरू शकली असती, पण भरला नाही. आबा दुष्ट नव्हते. त्यांच्याकडे एकच इंजिन होतं आणि घर चिखलातून बाहेर काढायचं होतं. घर निघालंही. आज घराला स्लॅब आहे, आईची औषधं वेळेवर येतात, हे मी नाकारू शकत नाही.

मग चूक कुठं झाली? की झालीच नाही? बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की सगळ्यांचंच भलं झालं.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली 'अ थिअरी ऑफ जस्टिस' हे पुस्तक लिहिलं. एकूण सुखाची बेरीज वाढली की झालं, असं मानणाऱ्यांवर त्यांचा मोठा आक्षेप होता. हे लोक माणसं वेगवेगळी आहेत ही गोष्टच गंभीरपणे घेत नाहीत, असं ते म्हणत. मला ते पिकअपखाली आडवं पडल्यावर नीट कळलं. गाडी एक असते. डाव्या चाकाला मिळालं नाही आणि उजव्याला मिळालं, तरी डावं चाक गाडीसोबत वर पोचतंच. त्याचं स्वतःचं असं काही राहून जात नाही. आक्काचं राहून गेलं. घर पुढं गेलं म्हणजे ती पुढं गेली, असं होत नाही.

आणि दुसरी गोष्ट. फिरणारं चाक कमअस्सल नसतं. चारी चाकं एकाच कंपनीची, एकाच मापाची, हवाही तेवढीच. फरक असतो तो खालच्या जमिनीत. उलट तेच सगळ्यात जास्त फिरतं. त्या वर्षी घरात सगळ्यात जास्त कोण राबलं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तरी निकाल आम्ही चाकाचा लावला, चिखलाचा नाही.

कोल्हापुरात हे कळायला रॉल्स लागत नाही, खरं तर. दसरा चौकातून जाताना शाहू महाराजांचा पुतळा दिसतो. २६ जुलै १९०२ च्या आदेशानं त्यांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायचं ठरवलं. माझ्या डिफरन्शियलच्या हे बरोबर उलट आहे. यंत्र पकड असलेल्याकडे जोर वळवतं, महाराजांनी तो पायाखाली जमीन नसलेल्यांकडे वळवला. पकड असलेल्यालाच द्या, असं म्हणणारे आजही आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भरपूर आहेत. मीही कॉलेजात तसंच म्हणायचो. 'मेरिट' हा शब्द मला फार आवडायचा.

तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन आम्ही चढाला गेलो. पाऊस होताच. फोर व्हील लावून, लो रेंजमध्ये दाजींनी गाडी घातली. अर्ध्यात पुढचं डावं चाक खड्ड्यावर पूर्ण उचललं गेलं आणि फिरायला लागलं. गाडी थांबली. दाजींनी माझ्याकडे बघितलं.

ही गोष्ट मला सांगायची राहून गेली होती. या प्रकारचं डिफरन्शियल निसटणारं चाक जेवढं पेलतं त्याच्या पटीतच दुसऱ्याला देतं. निसटणारं चाक १०० न्यूटन-मीटर पेलत असेल, तर दुसऱ्याला ३०० पर्यंत मिळतील. पण चाक हवेत असेल तर ते काहीच पेलत नाही, आणि शून्याची तिप्पट शून्यच. उपाय साधा आहे. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकवर हलका पाय द्यायचा. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला थोडा अडसर मिळतो, आणि त्याच्या तिप्पट जोर पलीकडे पोचतो.

दाजींनी डाव्या पायानं ब्रेक हलका दाबला. गाडीनं उजव्या बाजूनं माती धरली आणि सावकाश वर चढली. मागं कॅन खडखडले.

मी दोघांच्या मध्ये बसलेल्या आक्काकडे बघितलं नाही. फॉर्म न भरता तिनं त्या वर्षी कर्जावर दोन म्हशी घेतल्या होत्या. माझ्या हॉस्टेलच्या मेसचे पैसे त्या दुधाचे होते. माझी जी 'पकड' म्हणून घरात कौतुक व्हायचं, ती तिनं पेललेल्या वजनाची तिप्पट होती. ती पूर्ण सुटली असती, तर माझ्या वाट्यालाही शून्यच आलं असतं. पुढं गेलेला माणूस मागं राहिलेल्याला मदत करतो, असं आपण म्हणतो. आधी कुणी कुणाला दिलं, हे मात्र विसरतो.

डिफरन्शियलचे पैसे मी दिले होते. मनात कुठंतरी वाटलं होतं की फेडलं. त्या रात्री आक्कानं दुधाच्या वहीत शेवटच्या पानावर माझं नाव लिहून पूर्ण रक्कम मांडली. पुढं 'उसने'. आता दर दहा दिवसांनी दुधाचं बिल झालं की माझ्या फोनवर थोडे पैसे येतात. पहिल्यांदा मी ते परत पाठवले. लगेच तिचा फोन आला.

"यंत्राचं वेगळं, त्ये मी फेडणार," ती म्हणाली. "दुसरं जे हाय, त्येचा हिशेब असल्या पैशात घालू नगंस."

तेव्हापासून मी पैसे परत पाठवत नाही. तो दुसरा हिशेब कशात करायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.