चुकणारं यंत्र, न चुकलेला माणूस

३४,९५७ अधिक ७०,७६४ किती? अर्धा मिनिट समोरून काहीच येत नाही. मग उत्तर येतं : १,०५,६२१. कागदावर मांडून पाहिलं की घोळ सापडतो. शतकस्थानी हातचा एक मिळवायचा राहून गेलाय. खरी बेरीज १,०५,७२१.

ही बेरीज ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगच्या १९५० सालच्या लेखातली आहे. 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात तो छापून आला. प्रश्न होता, यंत्र विचार करू शकेल का? त्यासाठी त्याने एक चाचणी मांडली. परीक्षकाला पलीकडच्या खोलीत कोण बसलंय ते दिसत नाही, हाती फक्त टंकलिखित उत्तरं येतात. त्यांवरून माणूस कोण आणि यंत्र कोण हे ओळखता आलं नाही, तर यंत्राला विचार करता येत नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? अचूक गणित केलं तर यंत्र लगेच पकडलं जाईल, म्हणून ते मुद्दाम चुकेल, हेही ट्युरिंगने तिथेच लिहून ठेवलं.

लेखात त्याने निरनिराळ्या आक्षेपांचा समाचार घेतला. पहिला आक्षेप धर्माचा : विचार हे आत्म्याचं काम, आणि आत्मा देवाने फक्त माणसाला दिला. ट्युरिंग नास्तिक, पण उत्तर त्याने श्रद्धावंतांच्याच भाषेत दिलं. देव सर्वशक्तिमान ना? मग उद्या हत्तीत आत्मा घालावासा वाटला तर त्याला कोण अडवणार? मूल जन्माला घालणारे आईबाप देवाचा अधिकार बळकावत नाहीत, तसाच यंत्र बनवणाराही नाही. आत्म्यासाठी घर बांधण्यापुरतंच त्याचं काम.

हा वाद त्याच्यासाठी नुसता बुद्धीचा खेळ नव्हता. शेरबर्न शाळेतला त्याचा जिवलग मित्र ख्रिस्तोफर मॉरकॉम फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयाने गेला, तेव्हा ट्युरिंग सतरा वर्षांचा होता. पुढे मित्राच्या आईसाठी त्याने एक टिपण लिहिलं : शरीर जिवंत असतं तोवर आत्म्याला धरून ठेवतं, मग आत्मा नवं शरीर शोधतो. १९३६ च्या शोधनिबंधातलं, इतर कोणत्याही गणनयंत्राचं काम करू शकणारं सार्वत्रिक यंत्र, युद्धकाळात ब्लेचली पार्कमध्ये जर्मन नौदलाच्या एनिग्मा या संकेतयंत्राशी दिलेली झुंज, हे सगळं त्यानंतरचं.

मँचेस्टरचे मेंदू-शल्यविशारद जेफ्री जेफरसन यांनी १९४९ मध्ये अट घातली होती : भावना जाणवून यंत्राने कविता केली, तरच ते मेंदूच्या तोडीचं. ट्युरिंगने विचारलं, जाणवलं की नाही हे कळणार कसं? त्यासाठी यंत्रच व्हावं लागेल. शेजारच्या माणसाच्या बाबतीतही तेच. त्याला मन आहे असं आपण सभ्यपणे धरून चालतो, इतकंच.

ही सभ्यता त्याच्या वाट्याला आली नाही. जानेवारी १९५२ मध्ये विल्मस्लोच्या घरी चोरी झाली, त्याने पोलिसांत तक्रार दिली आणि तपासात एका तरुणाशी असलेले त्याचे संबंध उघड झाले. त्याने ते कबूल केले. आपण वावगं काही केलंय असं त्याला वाटतच नव्हतं. पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा मानणाऱ्या १८८५ च्या कायद्याखाली तो दोषी ठरला. तुरुंग टाळायचा तर वर्षभर स्त्री-संप्रेरकाचे उपचार घ्यायचे, अशी अट पडली. त्याची छाती वाढू लागली.

राणी जिथे चर्चची प्रमुख होती, त्या देशाने माणसाचं रसायन बदलून त्याचं मन सुधारायला घेतलं. माणसाला यंत्र समजण्यात ट्युरिंगही इतका पुढे गेला नव्हता. त्याच सुमारास एका मित्राला पत्रात त्याने कडवट तर्कट लिहून धाडलं : ट्युरिंग म्हणतो यंत्रं विचार करतात, ट्युरिंग पुरुषांबरोबर झोपतो, सबब यंत्रं विचार करत नाहीत.

७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. त्याच्या आईने तो कधीच मान्य केला नाही.

२००९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी माफी मागितली. २०१२ मध्ये मात्र, त्या काळच्या कायद्याने शिक्षा रीतसर होती, असं सांगून सरकारने क्षमादान नाकारलं. डिसेंबर २०१३ मध्ये राजक्षमा मिळाली, आणि २०१७ च्या कायद्याने अशाच हजारो मृतांनाही. १९७४ मध्ये अशाच आरोपाखाली शिक्षा झालेले जॉर्ज मॉन्टेग्यू तेव्हा हयात होते. क्षमा घेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, म्हणून ती नको, सरकारने माफी मागावी, असं त्यांनी ठणकावलं.

ट्युरिंगचे वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. तिथेही समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं इंग्रजांचंच कलम ३७७ लागू होतं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं. समलैंगिक समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागणं इतिहासाकडून बाकी आहे, असं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालपत्रात लिहिलं. जे खटले पूर्वीच निकाली निघाले, ते पुन्हा उघडले जाणार नाहीत, हेही त्यांनीच लिहिलं.